आधी खोली, मग नाव

उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ऑन्टॅरिओ या पाच महासरोवरांतून दोन शतकं मालवाहतूक चालू आहे. लोहखनिज, कोळसा, चुनखडी, धान्य, लाकूड भरलेली जहाजं इथल्या वादळांत, धुक्यात आणि टकरींत बुडत आली. सुपीरियरच्या काठावर व्हाइटफिश पॉइंटला जहाजबुडींचं संग्रहालय आहे. त्याच्या अंदाजाने पाचही सरोवरांत मिळून सुमारे ६,००० जहाजं बुडाली. त्यांपैकी कित्येकांची जागा अजून कळलेली नाही आणि काही सापडलेल्या सांगाड्यांचं नाव कळलेलं नाही. असा निनावी सांगाडा उथळ पाण्यात असेल, तर इतिहासाचं कोडं सुटण्याआधीच तो आजच्या नौकांना धोका होऊन बसतो.

कोणता सांगाडा घातक?

‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे इथलं सर्वांत प्रसिद्ध बुडालेलं जहाज. १० नोव्हेंबर १९७५ रोजी ते २९ जणांसह सुपीरियरमध्ये बुडालं. ते सुमारे १६० मीटर खोल आहे, त्यामुळे वरून जाणाऱ्या जहाजाला त्याचा काहीच त्रास नाही. घात होतो तो बंदराच्या तोंडाशी, बेटांच्या आसपास आणि वाळूच्या दांड्यांवर रुतलेल्या सांगाड्यांमुळे.

उथळ किती म्हणायचं, हे वरून जाणाऱ्या नौकेवर ठरतं. नौका पाण्यात जितकी खोल बुडते, तो तिचा ड्राफ्ट. इथली सर्वांत मोठी मालवाहू जहाजं ३०० मीटरहून लांब आहेत आणि भरलेल्या अवस्थेत त्यांना सुमारे आठ मीटर पाणी लागतं. सात मीटरवरचा सांगाडा त्यांचा तळ फाडू शकतो, तर शिडाची होडी त्याच्यावरून निर्धास्त जाते. दीड मीटरवरचा सांगाडा मात्र होडीचा कणा आणि सुकाणू दोन्ही मोडू शकतो.

लाकडी जहाजाच्या बाजू कालांतराने बाहेर पडून तळाशी सपाट होतात. बॉयलर आणि वाफेचं इंजिन मात्र जागच्या जागी उभं राहतं. म्हणून आजूबाजूला पुरेसं पाणी दिसत असताना एकाच ठिकाणी लोखंडाचा उंचवटा पृष्ठभागाच्या अगदी जवळ आलेला असतो. सगळा घात त्या एका टोकावर असतो.

जहाज निनावी का राहतं?

एकोणिसाव्या शतकात शेकडो लाकडी शिडाची जहाजं या सरोवरांवर फिरत होती. त्यांच्यावर रेडिओ नव्हता. खलाशी वाचले नाहीत, तर बुडाल्याची जागा कोणाला सांगताच येत नसे. वर्तमानपत्रातल्या बातमीत अमुक बंदराच्या उत्तरेला, एवढाच उल्लेख असे. शिवाय किनाऱ्यालगतची वाळू सतत सरकते. वर्षानुवर्षं गाडलेला सांगाडा एका वादळात उघडा पडतो आणि दुसऱ्या वादळात पुन्हा झाकला जातो. हिवाळ्यात किनाऱ्यावर रेटला जाणारा बर्फ उथळ पाण्यातले सांगाडे मोडतो आणि त्यांचे तुकडे दूर नेऊन टाकतो.

ओळख पटवण्यासाठी अभ्यासक लांबी-रुंदी, डोलकाठ्यांच्या जागा, बॉयलरचा प्रकार आणि उरलेला माल पाहतात. एक खूण विशेष मोलाची असते. १८६०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत नोंदवलेल्या जहाजांचा अधिकृत क्रमांक मुख्य तुळईवर कोरला जाई. ती तुळई शाबूत सापडली, तर जुन्या नोंदवहीतून नाव मिळतं. ती कुजली असेल किंवा बर्फाने नेली असेल, तर शोध वर्षानुवर्षं चालतो.

पाणी बदलतं, खोलीही बदलते

या सरोवरांत कोकणच्या किनाऱ्यासारखी भरती-ओहोटी जाणवत नाही, म्हणून पाणी स्थिर असेल असं वाटतं. प्रत्यक्षात पाऊस, बर्फ आणि बाष्पीभवन यांमुळे पातळी वर्षानुवर्षं वर-खाली होते. मिशिगन आणि ह्युरॉन यांची पातळी एकच मानली जाते. ऑक्टोबर १९८६मध्ये तिची मासिक सरासरी समुद्रसपाटीपासून १७७.५० मीटर, म्हणजे विक्रमी उंच होती, तर जानेवारी २०१३मध्ये ती १७५.५७ मीटर इतकी विक्रमी खाली गेली. फरक जवळजवळ दोन मीटरचा.

या दोन सरोवरांच्या नकाशावरची खोली १७६ मीटर या आधारपातळीपासून मोजलेली असते. समजा, एका सांगाड्यावर २ मीटर पाणी असल्याची नोंद आहे. १९८६च्या त्या महिन्यात त्याच्यावर साडेतीन मीटर पाणी होतं आणि जानेवारी २०१३मध्ये जेमतेम १.५७ मीटर. १.८ मीटर ड्राफ्टची होडी पहिल्या वेळी सुखरूप गेली असती आणि दुसऱ्या वेळी आपटली असती. म्हणून नकाशावरच्या आकड्यात त्या दिवसाच्या पातळीचा फरक मिळवणं किंवा वजा करणं अटळ आहे.

ईरी सरोवरात तर काही तासांतही चित्र पालटतं. ते पाचांत सर्वांत उथळ, सरासरी १९ मीटर. नैऋत्येचा जोरदार वारा सुटला की, परात एका बाजूने उचलावी तसं पाणी पूर्वेला बफेलोकडे जमतं आणि पश्चिमेला टोलीडोकडे ओसरतं. दोन टोकांच्या पातळीत दोन मीटरहून अधिक फरक पडू शकतो. पश्चिमेकडच्या उथळ भागात एरवी निरुपद्रवी असलेला सांगाडा त्या दिवशी घातक होतो.

नकाशावरच्या खुणा

अमेरिकेच्या बाजूचे जलनकाशे आज ‘नोआ’ ही सरकारी संस्था काढते. १८४१मध्ये सुरू झालेल्या ‘लेक सर्व्हे’कडून ते काम तिच्याकडे आलं. नकाशावर आडवी रेघ आणि तिला छेदणाऱ्या तीन उभ्या रेघा म्हणजे बुडालेलं जहाज. तिच्याभोवती ठिपक्यांचं लंबवर्तुळ असेल, तर ते नौकांना घातक आहे आणि त्याच्यावर किती पाणी आहे ते माहीत नाही. खोली मोजलेली असेल, तर ठिपक्यांच्या रिंगणात आकडा असतो. आकड्याखाली कंसासारखी रेघ असेल, तर ती खोली तार ओढून किंवा पाणबुड्याकडून तपासलेली आहे. ‘पीए’ ही अक्षरं जागा अंदाजे असल्याचं सांगतात. असं असेल तर खुणेपासून दुरूनच जावं.

पूर्वी दोन बोटींमध्ये ठरावीक खोलीवर तार ताणून तळ झाडला जाई. तार अडकली की तिथे काहीतरी आहे हे कळे. आता बाजूला आणि खाली ध्वनिलहरी सोडणारे सोनार तळाचं सविस्तर चित्र देतात. तरी सर्वांत उंच टोकाची खोली वेगळी तपासावी लागते, कारण बारीक उभा लोखंडी दांडा सोनारच्या चित्रात सहज निसटतो.

काढायचं की राखायचं?

अमेरिकेच्या १८९९च्या कायद्यानुसार जहाज बुडालं की मालकाने तिथे दिवसा बोया आणि रात्री दिवा लावायचा असतो. निनावी जहाजाला मालकच नसतो. अशा वेळी खूण लावणं तटरक्षक दलाकडे आणि वाट मोकळी करणं लष्कराच्या अभियंता दलाकडे येतं. दुसरीकडे, १९८७च्या कायद्याने तळात रुतलेली बेवारस जहाजं त्या-त्या राज्याच्या मालकीची ठरली. त्यांतली वस्तू उचलणं गुन्हा ठरू शकतं.

मुख्य जलमार्ग अडलेला नसेल, तर जहाज जागेवर ठेवून ठळक खूण करणं हाच उत्तम मार्ग आहे, असं मला ठामपणे वाटतं. ह्युरॉनमधल्या थंडर बे अभयारण्याने हे करून दाखवलं आहे. २०००मध्ये स्थापन झालेल्या या अभयारण्यात अनेक सांगाड्यांजवळ बोये बसवले आहेत. होड्या त्यांना बांधता येतात, त्यामुळे नांगर टाकून लाकूड मोडावं लागत नाही. मात्र सरोवरांतले बरेच बोये बर्फामुळे शरद ऋतूत काढतात आणि वसंतात पुन्हा लावतात. बोया दिसला नाही म्हणून धोका नाही, असं धरू नये.

खूण लगेच आणि ठळक नसेल, तर तेही महाग पडतं. १४ डिसेंबर २००२ रोजी इंग्लिश खाडीत ‘ट्रायकलर’ हे मोटारी वाहणारं जहाज टकरीत बुडालं. दोनच दिवसांनी ‘निकोला’ आणि १ जानेवारीला ‘विकी’ ही जहाजं त्या सांगाड्यावर आदळली. या अनुभवातून ताज्या बुडालेल्या जहाजासाठी निळ्या-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा खास बोया आंतरराष्ट्रीय पद्धतीत आला.

अनोळखी सांगाडा दिसला तर

वेग कमी करा आणि आलेल्या वाटेनेच मागे फिरा. अक्षांश-रेखांश, वेळ आणि खोलीमापकाचा आकडा लगेच लिहून घ्या. व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर तटरक्षक दलाला कळवा. सांगाड्यावर नांगर टाकू नका, तुकडा उचलू नका. तुमच्या नोंदीवरूनच नाविकांसाठी सूचना निघते आणि नकाशा दुरुस्त होतो.

आपले जलाशय

महाराष्ट्रातल्या धरणांत पातळीचा चढउतार या महासरोवरांतल्यापेक्षा मोठा असतो. उजनीचं पाणी उन्हाळ्यात ओसरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, पाणी चढलं की ते पुन्हा बुडतं. अशा जलाशयांतून लाँच आणि होड्या चालतात. जुन्या भिंती, झाडांचे बुंधे, बुडालेल्या होड्या त्यांच्या वाटेत असतात. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बुडालेल्या नौकांसाठी वेगळं प्रकरण आहे. त्याला जोड हवी ती दर उन्हाळ्यात, पाणी खाली असताना, अडथळ्यांची जागा आणि उंची मोजून ठेवण्याची. होडी चालवणाऱ्यांना आणि मच्छीमारांना हे अडथळे तोंडपाठ असतात. त्यांना विचारून नकाशा करायला मोठा खर्च येत नाही आणि पावसाळ्यात त्याच नकाशाने माणसं वाचतील.