दात काढण्यापूर्वी यकृताची चौकशी

साधा दात काढला आणि रात्रभर रक्त थांबेना, अशी तक्रार घेऊन कोणी आले की मी आधी विचारतो, "काविळीसाठी रक्त कधी तपासले होते का?" दाताचा आणि काविळीचा काय संबंध, असा चेहरा करून रुग्ण पाहत राहतो.

संबंध आहे. रक्त गोठविणारी बहुतेक प्रथिने यकृतातच तयार होतात. 'हिपॅटायटिस बी' किंवा 'सी'चा विषाणू वर्षानुवर्षे अंगात राहिला, की काहींचे यकृत आक्रसून कडक होते व हा पुरवठा घटतो. डोळे कधी पिवळे झाल्याचे पुष्कळांना आठवतही नाही. त्यातच पाणथरी वाढते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. १,५०,००० च्या वर असाव्यात, त्या ५०,००० वर येतात. मग हिरड्यांतून रक्त येते, घोळणा फुटतो, जरा लागले की काळेनिळे डाग उठतात. 'के' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन घेतले की झाले, असेही नाही. यकृतच थकले असेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. रक्त गोठू न देणारी प्रथिनेही यकृतच बनविते, तीही घटतात. म्हणून तपासणीत रक्त 'पातळ' दिसले तरी यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी होऊ शकते.

अशा रुग्णांनी अंगदुखीवर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन दुकानातून परस्पर घेऊ नये. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास झाली, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. 'सी'चा विषाणू आता बहुतेकांत १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या सरकारी उपचार केंद्रांवर मोफत मिळतात.