कर्जाच्या दाव्याचे समन्स आल्यास शेतकऱ्याने काय करावे?

आमगाव तालुका हा धानाचा मुलूख आहे. आषाढात रोवणी सुरू झाली की कास्तकाराला घटकाभर उसंत नसते. नेमक्या अशा दिवसांत बेलिफ न्यायालयाचा कागद घेऊन दारी आला, तर "रोवणी आटोपल्यावर पाहू" असे म्हणून तो आढ्याला खोचून ठेवला जातो. कोणी भीतीपोटी कागद घेण्याचेच नाकारतो. या दोहोंनी कर्ज कमी होत नाही. उलट आपली बाजू मांडण्याची संधी मात्र हातची जाते.

गैरहजेरीचे परिणाम महाराष्ट्रातील शेतकऱ्याने पूर्वी भोगलेले आहेत. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे व पुढे नगर जिल्ह्यातही शेतकऱ्यांनी सावकारांकडील खते व हुकूमनामे हिसकावून जाळले. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाला असे आढळून आले की, पुष्कळसे हुकूमनामे शेतकऱ्याच्या गैरहजेरीत, एकतर्फी झालेले होते. म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने प्रतिवादीची जबानी घेण्याची व व्यवहाराचा आरंभापासूनचा हिशेब तपासण्याची जबाबदारी न्यायालयावर टाकली. आमगाव ज्या मध्य प्रांतात होते तेथेही १९३३ मध्ये कर्ज तडजोडीचा कायदा झाला. हे कायदे आता इतिहासजमा झाले आहेत. आज आपले म्हणणे शेतकऱ्याने स्वतःच न्यायालयापुढे ठेवावयाचे असते.

समन्स म्हणजे काय?

समन्स हे अटकेचे वॉरंट नव्हे, की जप्तीचा हुकूमही नव्हे. "आपणाविरुद्ध दावा दाखल झाला आहे, हजर राहून आपले म्हणणे सांगावे," एवढाच त्याचा अर्थ. त्यावर न्यायालयाचा शिक्का व सही असते आणि सोबत दाव्याची नक्कल असते. कागद खरा की खोटा, अशी शंका आल्यास त्यावरील न्यायालयाच्या कार्यालयात, मग ते आमगावचे असो वा गोंदियाचे, दावा क्रमांक दाखवून खात्री करून घ्यावी. वकिलाची नोटीस किंवा वसुली करणाऱ्याचे धमकीपत्र म्हणजे समन्स नव्हे.

समन्स नाकारल्याने बजावणी टळत नाही. नकार हीच बजावणी मानली जाऊ शकते. प्रतिवादी घरी नसल्यास घरातील प्रौढ स्त्री अथवा पुरुषाकडे समन्स देता येते, तसेच प्रसंगी ते दारावर चिकटविता येते. सबब ते घ्यावे, मिळाल्याची तारीख त्यावर लिहून ठेवावी आणि हजर राहण्याची तारीख घरातील सर्वांना सांगावी.

मुदतीचा हिशेब

साध्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी कैफियत द्यावयाची असते. सबळ कारण दाखविल्यास न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. ५ जुलैला समन्स मिळाले तर ३० दिवस ४ ऑगस्टला पुरे होतात. म्हणजे रोवणीचा हंगाम संपेतो मुदतही संपत येते. वचनचिठ्ठीसारख्या लेखी कागदावरील दावा संक्षिप्त रीतीचा असेल, तर हजेरी नोंदविण्यास केवळ १० दिवस मिळतात. म्हणून समन्सवरील मजकूर त्याच दिवशी जाणकाराकडून वाचून घ्यावा.

कैफियतीत काय सांगावे?

कर्ज घेतले हे खरे असले तरी मागितलेली रक्कम खरी असेलच असे नाही. पुढील गोष्टी तपासाव्यात:

१. मुद्दल किती घेतले, किती फेडले व त्याच्या पावत्या कोठे आहेत?

२. दावा मुदतीत आहे काय? हातउसन्या रकमेसाठी सामान्यतः ३ वर्षांची मुदत असते. मात्र मुदतीच्या आत सही करून कर्ज कबूल केले असल्यास ती नव्याने सुरू होते.

३. वादी सावकार असल्यास कर्ज देतेवेळी त्याच्याकडे परवाना होता काय? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे वैध परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने न्यायालय हुकूमनामा देत नाही.

४. कागदावरील सही किंवा अंगठा आपलाच आहे काय?

दावा चालू असताना वादीला कोऱ्या किंवा नव्या कागदावर सही देऊ नये.

रक्कम खरोखरच देणे असेल तर तसे सांगण्यात कमीपणा नाही. धान विकून पैसा हाती येतो तो दिवाळीच्या सुमारास, हे न्यायालयापुढे मांडून हप्ते मागता येतात. लोकअदालतीत तडजोडही होऊ शकते. परंतु तेथील निवाडा हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असून त्यावर अपील नाही, हे ध्यानी घेऊनच सही करावी.

हुकूमनामा झाला असल्यास

एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज हुकूमनाम्याच्या तारखेपासून ३० दिवसांत करावा लागतो. समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल, तर हे दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. जप्तीच्या वेळीही शेतकऱ्याची शेतीची अवजारे, चरितार्थास आवश्यक अशी जनावरे व बियाणे, तसेच त्याचे राहते घर यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चे संरक्षण आहे. हुकूमनाम्यानंतर परस्पर पैसे दिल्यास त्याची नोंद न्यायालयात करवून घ्यावी, अन्यथा वसुलीच्या वेळी ती फेड धरली जात नाही.

दोन बाबतींत विशेष सावधगिरी बाळगावी. सेवा सहकारी संस्थेच्या कर्जाची वसुली सहकार निबंधकाच्या दाखल्याने होऊ शकते. त्याच्या नोटिशीला त्या कार्यालयातच उत्तर द्यावे लागते. धनादेश न वटल्याचा खटला फौजदारी असतो. त्यात गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते.

ग्रामकार्यकर्त्यांचे कर्तव्य

ग्रामकार्यकर्त्याने वकिली करू नये. पण कागद वाचून दाखवावा, तारीख लिहून द्यावी आणि पावत्या एकत्र करण्यास मदत करावी. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात चौकशी करावी अथवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. रोवणीतील एक दिवस न्यायालयात गेला तर त्या दिवसाचे काम मागे पडेल; पण तारीख चुकल्यास वर्षानुवर्षे कसलेली बांधी गमावण्याची पाळी येऊ शकते.