डार्विनचा आस्तिक मित्र

उत्क्रांतीचा धडा सुरू झाला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. कधी तो मोठ्याने विचारला जातो, कधी मनातच राहतो. 'सगळे सजीव हळूहळू बदलत घडले असतील, तर ते देवाने निर्माण केले असे घरी सांगतात, त्याचे काय?' काही जण परीक्षेपुरते एक उत्तर लिहितात आणि घरी दुसरेच मानतात. शिक्षकही पुष्कळदा घाईने पुढच्या पानावर जातात. पण हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. डार्विनच्या एका जवळच्या मित्रालाही तो पडला होता, आणि त्याने तो टाळला नाही.

त्या मित्राचे नाव एसा ग्रे (१८१०–१८८८). तो अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता आणि मनाने श्रद्धाळू ख्रिस्ती होता. डार्विनने आपला ग्रंथ प्रसिद्ध करण्यापूर्वी नैसर्गिक निवडीची कल्पना ज्या मोजक्या लोकांना सांगितली, त्यांत ग्रे होता. सप्टेंबर १८५७ मध्ये डार्विनने त्याला लिहिलेल्या पत्राचा काही भाग १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचला गेला. त्याच सभेत वॉलेसचा निबंधही वाचला गेला.

दूरदेशींची भावंडे

ग्रेपुढे एक कोडे होते. जपानमधून आलेले वनस्पतींचे नमुने तपासताना त्याला दिसले की, त्यांतील अनेकांचे जवळचे नातेवाईक अमेरिकेच्या पूर्व भागात वाढतात. मॅग्नोलिया आणि जिनसेंग ही त्याची उदाहरणे. मधल्या पश्चिम अमेरिकेत मात्र असे नातेवाईक फार थोडे. दोन्ही प्रदेशांमध्ये हजारो किलोमीटरांचे अंतर. मग हे साम्य आले कोठून?

हार्वर्डमध्येच लुई अगासी हा नामवंत प्राणिशास्त्रज्ञ होता. त्याच्या मते प्रत्येक जाती निर्मात्याने स्वतंत्रपणे, ती आज जेथे आढळते तेथेच निर्माण केली. ग्रेला हे पटले नाही. या वनस्पतींचे पूर्वज एकच असावेत, ते एके काळी उत्तरेकडील प्रदेशांत सलग पसरलेले असावेत आणि हवामान थंड झाल्यावर दक्षिणेकडे सरकताना त्यांची ताटातूट झाली असावी, असे त्याने मांडले. या स्थित्यंतराचा काळ पुढील संशोधनाने बराच मागे नेला. पण समान पूर्वज आणि स्थलांतर हा मूळ विचार टिकून राहिला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. ग्रे आणि अगासी दोघेही देव मानणारे होते. वाद देव आहे की नाही याचा नव्हता. जाती कशा निर्माण झाल्या, हा वाद होता, आणि त्याचा निकाल वनस्पतींच्या पुराव्यावर लागला.

ग्रेने घातलेली सांगड

१८६० मध्ये ग्रेने डार्विनच्या ग्रंथाचे परीक्षण लिहिले आणि पुढे अनेक लेख लिहून त्याची बाजू मांडली. एखादी गोष्ट निसर्गनियमाने घडते हे कळले, म्हणून निर्माता नाकारला जात नाही, असे त्याचे म्हणणे होते. आपल्याकडचे उदाहरण घ्या. भरती-ओहोटीचा हिशेब तिथीवरून करणारा कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळही वाहतो. एका गोष्टीमुळे दुसरी खोटी ठरते असे त्याला वाटत नाही. ग्रेचे लेख पुस्तिकेच्या रूपाने निघाले, तेव्हा छपाईचा अर्धा खर्च डार्विनने दिला.

पण ग्रे आणखी एक पाऊल पुढे गेला. सजीवांत जे लहान लहान बदल होतात, त्यांना उपयुक्त दिशा निर्मात्याकडून मिळत असावी, असे त्याने सुचवले. डार्विन येथे थांबला.

डार्विनची अडचण

मे १८६० मध्ये डार्विनने ग्रेला मनातली वेदना लिहिली. गांधीलमाशीच्या नात्यातले इक्न्यूमॉन नावाचे कीटक आहेत. त्यांतील कित्येकांच्या अळ्या सुरवंटाच्या जिवंत शरीरात राहून त्याला आतून खातात. दयाळू, सर्वशक्तिमान देवाने असा जीव मुद्दाम योजला असेल, हे डार्विनला पटेना. तरीही सगळे विश्व आंधळ्या शक्तीतून आले असे मानूनही त्याचे समाधान होत नव्हते. हा विषय माणसाच्या बुद्धीपलीकडचा आहे, असेच त्याने कबूल केले.

१८६८ च्या एका ग्रंथात त्याने दगडांचा दाखला दिला. कड्यावरून कोसळलेल्या दगडांतून निवडून कोणी घर बांधले, तर दगडांचे आकार त्या घरासाठी घडवलेले होते असे म्हणता येईल का? निवड करणारा वेगळा आणि दगड फोडणारी कारणे वेगळी.

प्रयोगाने काय दाखवले?

या वादाचा एक भाग तपासता येण्याजोगा होता. गरज असेल तसाच बदल घडतो का? १९४३ मध्ये लुरिया आणि डेलब्रुक यांनी जीवाणू अनेक नळ्यांत वेगवेगळे वाढवले आणि नंतर ते मारक विषाणूंच्या संपर्कात आणले. विषाणू भेटल्यामुळे प्रतिकारशक्ती येत असती, तर प्रत्येक नळीतून वाचणाऱ्यांची संख्या साधारण सारखी आली असती. प्रत्यक्षात बऱ्याच नळ्यांतून एकही जीवाणू वाचला नाही किंवा फार थोडे वाचले. काहींतून मात्र ते भरपूर वाचले. म्हणजे प्रतिकार देणारे उत्परिवर्तन विषाणू येण्याआधीच, गरजेची वाट न पाहता, कधीतरी झालेले होते. जेथे ते लवकर झाले, तेथे त्याची संतती मोठी झाली.

म्हणून बदलांना उपयुक्त दिशा असते, या ग्रेच्या सूचनेला प्रयोगांचा आधार मिळाला नाही. पण निसर्गनियमांमागे कोणी आहे का, हा प्रश्न नळीत घालून तपासता येत नाही. 'गरजेशी संबंध नाही' म्हणजे 'विश्वाला अर्थ नाही' असे हा प्रयोग सांगत नाही, आणि 'अर्थ आहे' असेही सांगत नाही.

मग आपण काय करावे?

वहीच्या पानावर दोन रकाने आखा. एकात पुराव्याने तपासता येतील अशी विधाने लिहा: पृथ्वीचे वय, जीवाश्मांचा क्रम, माणूस आणि वानर यांचे नाते. दुसऱ्यात तपासता न येणारी विधाने लिहा: जगण्याचा हेतू काय, निर्माता आहे का. पहिल्या रकान्यात पुरावा सांगेल तेच मानावे लागते, मग ते ग्रेचे मत असो, अगासीचे असो की आजीचे. दुसऱ्या रकान्यात प्रत्येकाने स्वतः विचार करायचा असतो. थिओडोसियस डोबझान्स्की हा विसाव्या शतकातील थोर आनुवंशशास्त्रज्ञ उत्क्रांतीवर ठाम होता आणि आस्तिकही होता. उलट डार्विन शेवटी स्वतःला अज्ञेयवादी म्हणवू लागला. विज्ञानाने दोघांनाही एकच उत्क्रांती दिली. श्रद्धेचे उत्तर दोघांनी आपापले शोधले.

ग्रे आणि डार्विन यांचे या बाबतीत कधीच एकमत झाले नाही. तरी १८७७ मध्ये डार्विनने फुलांच्या प्रकारांवरील आपला ग्रंथ ग्रेला अर्पण केला, आणि १८८२ मध्ये डार्विनचे निधन होईपर्यंत त्यांची मैत्री टिकली. वर्गात हा प्रश्न पुन्हा निघेल, तेव्हा पुरावा न लपवता आणि समोरच्याची टिंगल न करता बोलता येते, हे या दोन मित्रांकडून शिकण्यासारखे आहे.