नायजेरियाचे स्थानिक सहभाग धोरण

खनिज तेल व नैसर्गिक वायू उद्योगात देशातील मनुष्यबळ, माल, सेवा व भांडवल यांचा वाटा वाढावा, यासाठी नायजेरियाने केलेल्या तरतुदींना स्थानिक सहभाग धोरण म्हणतात. २२ एप्रिल २०१० रोजी गुडलक जोनाथन यांनी स्वाक्षरी केलेला कायदा हा या धोरणाचा मुख्य आधार होय.

पार्श्वभूमी

१९५६ मध्ये सध्याच्या बायेल्सा राज्यातील ओलोइबिरी येथे व्यापारी प्रमाणातील तेलसाठा सापडला. पुढील अनेक दशके उत्खननाची यंत्रे, अभियंते व सुटे भाग परदेशातून येत राहिले. कर व स्वामित्वधनाच्या रूपाने सरकारला पैसा मिळाला. मात्र तेलावर होणाऱ्या खर्चाचा मोठा भाग देशाबाहेरच गेला. १९७० च्या दशकातील देशीकरणाच्या आदेशांनी भागभांडवलाची मालकी बदलली, कौशल्य बदलले नाही.

तरतुदी

किमान ५१ टक्के समभाग नायजेरियन नागरिकांकडे असलेली कंपनी या कायद्यानुसार नायजेरियन ठरते. काम करण्यास सक्षम असलेल्या देशी कंपनीची निविदा सर्वांत कमी रकमेच्या निविदेपेक्षा १० टक्क्यांपर्यंत महाग असली, तरी केवळ त्या कारणाने ती नाकारता येत नाही. व्यवस्थापकीय पदांपैकी जास्तीत जास्त ५ टक्के पदे परदेशी व्यक्तींना देता येतात; कनिष्ठ व मध्यम श्रेणीत फक्त नायजेरियन नागरिक घ्यावे लागतात. उत्खनन क्षेत्रातील प्रत्येक कंत्राटाच्या रकमेतून १ टक्का कापून विकास निधीत जमा होतो. उल्लंघन केल्यास प्रकल्पमूल्याच्या ५ टक्के दंड किंवा प्रकल्प रद्द होण्याची शिक्षा आहे. देखरेख करणाऱ्या मंडळाचे मुख्यालय येनागोआ येथे, म्हणजे ओलोइबिरी ज्या राज्यात आहे त्याच राज्यात आहे.

अंमलबजावणी

एगिना या खोल समुद्रातील क्षेत्रासाठी दक्षिण कोरियात बांधलेले तरंगते उत्पादन जहाज २०१८ मध्ये लागोसला आणण्यात आले. त्यावरील १८ यंत्रविभागांपैकी ६ नायजेरियातच बनवून जोडण्यात आले. तयार जहाज थेट तेलक्षेत्रावर नेण्याच्या आधीच्या प्रथेपेक्षा हे पाऊल निश्चितच पुढचे होते. पण उरलेले १२ विभाग परदेशातूनच आले, हेही नोंदवले पाहिजे.

नाममात्र नायजेरियन मालक पुढे करून परदेशी कंपनीनेच काम चालवण्याचा प्रकार हा या धोरणातील सर्वांत अवघड दोष आहे. समभागांची नोंद कागदावर तपासता येते, प्रत्यक्ष नियंत्रण कोणाकडे आहे हे तपासणे कठीण जाते.

‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थही वादग्रस्त आहे. कायद्याच्या दृष्टीने लागोसमधील कंत्राटदार आणि नायजर त्रिभुज प्रदेशातील, तेलगळतीने मासेमारी बुडालेला कोळी हे दोघेही केवळ नायजेरियन नागरिक ठरतात. तेलक्षेत्रालगतच्या वस्त्यांसाठी स्वतंत्र तरतूद २०२१ च्या पेट्रोलियम उद्योग कायद्याने केली. त्यानुसार उत्खनन कंपन्यांना मागील वर्षाच्या परिचालन खर्चाच्या ३ टक्के रक्कम यजमान समुदायांच्या विकास न्यासांत भरावी लागते. मालमत्तेची तोडफोड झाल्यास दुरुस्तीचा खर्च याच रकमेतून वळता होतो, त्यामुळे या तरतुदीवर टीका झाली आहे.