वॅटचा हिशेब आणि कानाची साक्ष

वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अनसिंगसारख्या गावांत ध्वनिवर्धकाची पारख करण्याची रीत साधी असते. हरिपाठ असो वा ग्रामपंचायतीची सूचना, शेवटच्या घरी शब्द समजला की कर्णा उत्तम. गेल्या काही वर्षांत मिरवणुकांत माणसाच्या उंचीच्या पेट्या आल्या, त्यांनी खिडक्यांची तावदाने थरथरवली. परंतु कीर्तनासाठी आजही अनेकजण पत्र्याचा तो जुना कर्णाच मागतात.

तपशीलपत्रकावर हा कर्णा अगदीच दरिद्री ठरतो. काही शे हर्ट्झच्या खालचे तो जवळजवळ काहीच देत नाही. मृदंगाचा घुमारा त्यात हरवतो. तथापि मराठी वाक्याचा अर्थ ज्यांवर उभा असतो ती व्यंजने बव्हंशी दोन ते चार हजार हर्ट्झच्या टापूत असतात, आणि मानवी कानही तेथेच सर्वांत तीक्ष्ण असतो. शिवाय, हाक मारताना तोंडाभोवती हातांची ओंजळ धरावी तसे कर्ण्याचे काम चालते. लहानशा पडद्याची हालचाल तो हवेच्या मोठ्या राशीकडे फारशी न सांडता पोहोचवतो. घरगुती पेटी एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८५ ते ९० डेसिबल देते, कर्णा शंभराच्या वर जातो. दहा डेसिबलच्या वाढीसाठी दसपट शक्ती लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे १० वॅटचा कर्णा कित्येक शे वॅटच्या पेटीशी बरोबरी कशी करतो ते उमगते.

झडपांच्या रेडिओचीही हीच कथा. ठाण्याच्या कारखान्यातील मर्फी किंवा फिलिप्सचा लाकडी संच तीन-चार वॅटांचा, पाठीमागून उघडा, कागदी शंकूच्या एकाच ध्वनिवर्धकाचा. मध्यम लहरींवरून पाच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे येतही नसे. पण जे येई ते एकाच शंकूतून, न तुटता येई. आणि निवेदकाचा आवाज खोलीतच कोणी बोलत असल्यासारखा वाटे. अशा संचांवर जीव जडलेली माणसे वेडी होती असे म्हणणे सोपे आहे, बरोबर नाही.

याचा सर्वांत गाजलेला पुरावा मात्र परदेशातला. बीबीसीच्या अभियंत्यांनी सत्तरीच्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या मोटारींतील अडचणीच्या जागेसाठी ‘एलएस ३/५ए’ नावाची, पुठ्ठ्याच्या जोड्याच्या खोक्याएवढी पेटी तयार केली. तिची संवेदनक्षमता जेमतेम ८२-८३ डेसिबल, आणि ८० हर्ट्झच्या खाली आवाज उतरत जाणारा. तंबोऱ्याचा पुरुषी खर्ज साधारण ७० हर्ट्झचा. म्हणजे तो तिला पेलवू नये. प्रत्यक्षात मात्र वरच्या स्वरांशांवरून मूळ स्वर कानच भरून काढतो, आणि ८० हर्ट्झच्या जरा वर राहिलेला किंचित उठाव त्याला साहाय्य करतो. या पेटीची कसोटी माणसाचा बोलण्याचा आवाज ही होती. त्या कसोटीवर ती इतकी उतरली की १९९८च्या सुमारास तिच्यातील मूळ घटकांचे उत्पादन थांबल्यावरही जुन्या जोड्या मूळ किमतीच्या कितीतरी वर विकल्या गेल्या. या किमतीत दुर्मिळतेचा आणि हौशी मंडळींच्या अहंतेचाही वाटा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. भक्ती म्हटली की थोडा बडेजाव आलाच.

अर्थशास्त्राच्या भाषेत ही कोंडी जुनी आहे. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन वर्ग पाडले : खरेदीपूर्वी पाहून पारखता येणाऱ्या, आणि वापरल्यावरच गुण कळणाऱ्या. ध्वनिवर्धक निःसंशय दुसऱ्या वर्गातला. परंतु विकला जातो तो पहिल्या वर्गातल्यासारखा, आकड्यांवर. दुकानात ऐकायला मिळते पाच मिनिटे, आणि त्या पाच मिनिटांत जो अधिक मोठ्याने वाजतो तो सरस भासतो. १९९०च्या दशकात बाजारात ‘पीएमपीओ’ हे अजब माप अवतरले, ते याच दुबळेपणावर पोसले गेले. हातभर स्टिरिओवर हजार वॅट छापलेले, आणि यंत्र भिंतीतून घेणार वीस-तीस! खरे तर वॅट दुप्पट झाले तरी वाढ तीन डेसिबलांची, म्हणजे सामान्य कानाला जेमतेम जाणवेल एवढी. पगारदाराच्या महिन्याच्या शिलकीतून या दुपटीसाठी जे पैसे जातात, त्यांचा मोबदला तपशीलपत्रकावरच राहतो.

घरात निदान ऐकणारा आणि पैसे देणारा एकच असतो. शाळेत तेही नाही. परिपाठासाठी वा सभागृहासाठी ध्वनिसंच घ्यायचा म्हणजे दरपत्रके मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, आणि ठरवून दिलेल्या वॅटमध्ये न्यूनतम दर देणाऱ्यास मागणीपत्र द्यायचे. लिपिकाचा यात दोष नाही. तपासणीत त्याला आकडाच दाखवावा लागतो, ‘आवाज स्वच्छ आहे’ हा शेरा लेखापरीक्षकापुढे टिकत नाही. परिणामी काँक्रीटच्या घुमणाऱ्या दालनात दणदणीत पेट्या बसतात, शब्दावर शब्द आदळतो, आणि मागच्या रांगेतली मुले प्रतिज्ञेचे शब्द ओळखतात ते पाठांतरामुळे. नवा शब्द उच्चारला गेला की त्यांची दांडी उडते. ज्याला एका कानाने कमी ऐकू येते त्या मुलाचे तर पहिल्या वाक्यापासूनच सुटते.

उपाय खर्चिक नाही. संच प्रत्यक्ष दालनात लावून, अनोळखी शब्दांची एक यादी वाचून, शेवटच्या बाकावरच्या मुलांनी किती शब्द बरोबर लिहिले ते मोजता येते. शब्दबोधाची अशी चाचणी दूरध्वनीच्या अभियंत्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रूढ केली, आणि तिचा निकाल आकड्यातच येतो : शंभरापैकी इतके. लेखापरीक्षकाला आकडा हवा असेल तर हाही आकडाच आहे. तुलनात्मक तक्त्यात त्यासाठी एक रकाना वाढवावा लागेल.