एसी घेण्याआधी पश्चिमेची भिंत पाहा

मे महिन्यात अहमदाबादेत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची ठरलेली तक्रार असते: एसी १८ वर ठेवला तरी गार वाटत नाही. एसीचा त्यात फारसा दोष नसतो. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी खाली उष्णता सोडत राहतो. खोलीतली हवा गार झाली, तरी छत आणि भिंती तापलेल्या असतील तोवर जिवाला बरं वाटत नाही.

अहमदाबाद कर्कवृत्ताच्या लगत आहे. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर येतो, त्यामुळे सगळ्यात जास्त मार छताला. दक्षिणेची भिंत तेव्हा बऱ्यापैकी सुटते. तिथे छज्जा पुरतो, आणि हिवाळ्यात सूर्य खाली उतरला की त्याच छज्ज्याखालून हवंहवंसं ऊन आत येतं. खरी पंचाईत पश्चिमेची. पाच वाजताचं तिरपं ऊन छज्ज्याला न जुमानता थेट काचेवर येतं. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी, व्हरांडा नाहीतर झाड हवं. आतून पडदा ओढून उपयोग थोडाच. काच ओलांडलेली उष्णता घरातच मुक्काम करते.

हे गणित वास्तुकार बाळकृष्ण दोशींना पक्कं ठाऊक होतं. जन्म पुण्याचा, १९२७ चा. ल कॉर्ब्युझिएच्या इमारतींचं काम पाहायला ते अहमदाबादेत आले आणि तिथलेच झाले. १९८० साली बांधलेलं त्यांचं कार्यालय, ‘संगाथ’, अर्धं जमिनीत आहे, कारण जमीन हवेइतकी चटकन तापत नाही. वर कमानदार छतं, त्यांत मातीच्या पोकळ नळ्यांचा थर, आणि त्यावर फुटक्या पांढऱ्या फरश्या. पांढरा रंग ऊन परतवतो, उरलेली उष्णता पोकळी अडवते. फरशीच्या तुकड्यांचं हे चायना मोझेक आपल्याकडच्या गच्च्यांवरही दिसतं, पण ते घालतात गळती थांबवायला. गारव्याचं श्रेय त्याला कुणी देत नाही.

मात्र मे निभावला म्हणजे वर्ष निभावलं असं होत नाही. कोरड्या उन्हाळ्यात जाड भिंत कामाची: दिवसा ती उष्णता पोटात घेते, रात्री खिडक्या उघडून ती बाहेर घालवायची. कूलरही तेव्हा झकास चालतो. जुलैत हवा दमट झाली की कूलर कुचकामी ठरतो आणि अंगावरून वारा वाहावा लागतो. म्हणून तर घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केलेल्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त उघडणाऱ्या खिडक्यांचा हिशेब आहे: उष्ण-कोरड्या भागात चटईक्षेत्राच्या किमान १० टक्के, उष्ण-दमट भागात १६.६६ टक्के. आणि बिल्डर देतात स्लायडिंग खिडकी, जी अर्धीच उघडते!

दोशींनी १९६२ साली सुरू केलेल्या वास्तुकला विद्यालयाचं पुढे सेप्ट विद्यापीठ झालं. तिथल्या अभ्यासकांनी भारतीयांना किती तापमान सुखाचं वाटतं याचं सूत्र मांडलं. त्यानुसार खिडक्या उघड्या राहणाऱ्या इमारतीत, बाहेरची सरासरी ३० अंश असताना, आत २९ च्या आसपासही माणसं समाधानी असतात. १८ चा हट्ट शरीराचा कमी आणि तापलेल्या स्लॅबचा जास्त.

तेव्हा फ्लॅट पाहायला सकाळी जाऊ नका. उन्हाळ्यात संध्याकाळी पाचला जा, पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा, खिडकी पूर्ण उघडते का बघा आणि वरचा मजला असेल तर गच्चीवरही चढा. एसी किती टनाचा घ्यायचा, हे त्यानंतर ठरवा.