आंब्यावरील काळा डाग आणि जंतूची ओळख

मालाची पारख ही आम्हां व्यापाऱ्यांची विद्या. शनवाऱ्यात दुकान असो वा फळांची आडत असो, नग हाती घेताच प्रत सांगणारे जाणते आपल्यात पुष्कळ आहेत. परंतु आंब्यावरील काळा डाग कशामुळे पडला, हे केवळ नजरेने ठरत नाही. करपा बुरशीने होतो. त्याच्यासारखाच भासणारा दुसरा डाग सूक्ष्मजंतूमुळे पडतो. हा दुसरा डाग प्रथम पाणी मुरल्यासारखा दिसतो, मग काळा पडतो, ताऱ्यासारखा चिरतो व त्यातून डिंक पाझरतो. बुरशीवरील कित्येक औषधे जंतूवर चालत नाहीत. म्हणून ओळख चुकली, की औषधाचा पैसा आणि बागेतील माल दोन्ही जातात.

दक्षिण आफ्रिकेत एथेल डॉइज या विदुषीने १९१५ मध्ये या रोगाचे वर्णन केले होते. आपल्याकडे पुण्याच्या पटेल, मोनिझ व कुलकर्णी या शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये त्याच्या जंतूस स्यूडोमोनस कुळात घालून आंब्याच्याच शास्त्रीय नावावरून नवे नाव दिले.

अशी ओळख पटवावी कशी? डागातील जंतू वेगळा काढून शुद्ध रूपात वाढवितात. तो निरोगी पानाफळांवर सोडून तसाच डाग उमटतो काय, हे पाहतात. त्या डागातून तोच जंतू पुन्हा मिळाला, तरच दोष त्याच्या माथी बसतो. नंतर रंग, आकार व खाद्य ताडून त्याचे कुळ ठरते.

येथेच रंगाने भुलविण्याचा प्रसंग येतो. झॅन्थोमोनस हे कुळ पिवळ्या वसाहतींसाठी प्रसिद्ध. आंब्यावरील जंतू मात्र पांढरट. तथापि १९७४ मध्ये त्याची नोंद याच कुळात झाली. पुढे अनुवंशिक द्रव्याची तुलना करून २००९ मध्ये तो झॅन्थोमोनस सिट्री या जातीत घालण्यात आला. लिंबावर खैऱ्या रोग आणणारा जंतू याच जातीचा! एकेकाळची स्वतंत्र जात अशा रीतीने दुसऱ्या जातीची शाखा ठरली.

यावरून कोणी शास्त्रज्ञांस चंचल म्हणू नये. जुने वर्णन लिहून ठेवलेले होते, म्हणूनच नवी तपासणी करता आली. खतावणी नीट असली, की जुनी नोंद दुरुस्त होते. आज नवी जात मान्य होण्यास तिचे वर्णन प्रसिद्ध करावे लागते आणि जिवंत नमुना दोन निरनिराळ्या देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो. पुण्यातही असा राष्ट्रीय संग्रह आहे. संपूर्ण अनुवंशिक द्रव्याचे साम्य शेकडा ९५-९६ पेक्षा कमी भरले, तर जात वेगळी समजतात.

व्यापारी बंधूंनी यातून एवढे घ्यावे: हा रोग पावसाच्या शिंतोड्यांनी शेजारी पसरतो व रोगट कलमांबरोबर दूरच्या गावी जातो. संशयित बागेतील कलमे घेऊ नयेत, देऊ नयेत. डागी नग निराळे काढावेत. आणि औषध विकत घेण्यापूर्वी नमुना कृषी महाविद्यालयात वा कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा. न पारखलेला माल आपण घेत नाही. न ओळखलेल्या रोगावर औषध तरी का घ्यावे?